गुडघा आधी बांध, मग तोड

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला तिरकं बांधणारा अस्थिबंध, कुठून कुठे जातो हे तुला तोंडपाठ आहे, पण तो तुटलाय का हे बघायची लॅकमन चाचणी गुडघा वीस-तीस अंशांत वाकवूनच का करतात ते सांगता येईना, असं तू लिहिलंस. पुस्तकावर कितीही डोळे ताणलेस तरी ते पुरतं कळायचं नाही. एक उजवा गुडघा स्वतः बांध. फार तर दोन रविवार जातील.

मॉडेल खऱ्याच्या दीडपट कर. खऱ्या मापात बोटं आत शिरत नाहीत आणि दुपटीचं हातात मावत नाही. पीव्हीसी पाइपचे 25 सेंमीचे दोन तुकडे घे, एक मांडीच्या हाडाला, एक नडगीला. फिब्युलासाठी, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडासाठी, अर्ध्या इंचाचा वेगळा. टोकं कागदाच्या लगद्याची कर, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याला वापरतात तसाच लगदा, फक्त फेव्हिकॉल जास्त. थर पाच मिलिमीटरचा, एक वाळला की दुसरा. घाईने जाड गोळा थापलास तर बाहेरून खडखडीत आणि आतून ओला राहतो, मग भोक पाडताना भसकन तुटतो. जुलैत तर हे काम नकोच, लगद्याला बुरशी धरते. दिवाळीनंतर कर.

फिब्युला सर्वांत आधी बांध. ती असते ती बाहेरची बाजू. बहुतेकांचं मॉडेल इथेच फसतं: डावा-उजवा घोळ होतो आणि तो शेवटची नाडी ओवताना लक्षात येतो.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक सुमारे 12 सेंमी रुंद, त्याला दोन कॉन्डाइल, म्हणजे टोकाचे फुगवटे, आणि मागच्या बाजूला त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढी खाच. कॉन्डाइल चेंडूसारखे गोल करू नकोस. बाजूने बघितलं तर ते खाली चपटे आणि मागे जास्त वळलेले दिसले पाहिजेत. सरळ गुडघ्यात बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि वाकवल्यावर सैल पडतात, त्यात या आकाराचा मोठा वाटा आहे. चेंडू केलास तर हा फरकच नाहीसा होतो.

अस्थिबंधांना सायकलची ट्यूब वापरू नकोस. रबर ताणलं जातं, अस्थिबंध फारच थोडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुती नाडी मिळते, ती घे: एसीएलला एकेरी लाल, त्याच्या जोडीचा मागचा अस्थिबंध पीसीएल, त्याला दुहेरी निळी, कारण तो जाड. आतल्या बाजूच्या एमसीएलला दप्तराचा रुंद पट्टा, बाहेरच्या बाजूच्या एलसीएलला नायलॉनची दोरी, आणि ती फिब्युलाच्या डोक्याला बांधायची, नडगीला नव्हे. ट्यूबची पट्टी फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूला. वाटीला करवंटीचा सहा सेंमीचा तुकडा घे, आतल्या खोलगट बाजूला एम-सील भरून मधोमध उभा कणा काढ. तो कणा पुढच्या बाजूला कॉन्डाइलांच्या मधल्या घळीत बसतो. कणा नसला तर वाटी बाहेरच्या बाजूला घसरेल, खरी वाटीही निखळते तेव्हा बहुधा तिकडेच जाते.

आता भोकं. सगळं मॉडेल यांच्यावर अवलंबून आहे. एसीएल बाहेरच्या कॉन्डाइलच्या खाचेकडच्या भिंतीवरून, अगदी मागून निघतो आणि नडगीच्या माथ्यावर मध्याच्या थोडा पुढे उतरतो. उजवा हात उजव्या खिशात घाल: बोटं ज्या तिरक्या दिशेने खाली जातात, तीच उजव्या एसीएलची दिशा. पीसीएल उलट, आतल्या कॉन्डाइलच्या भिंतीवरून, पुढून निघून नडगीच्या मागच्या कडेवर. नाडी चिकटवू नकोस. टोक हाडाबाहेर काढून गाठ मार, कारण ती तू दहादा कापणार आणि दहादा ओवणार आहेस. एसीएलचं वरचं भोक पुढे पडलं तर गुडघा वाकवताना नाडी ताठ होते, वाकणं अडतं आणि जोर लावलास तर लगदा फाटतो. शस्त्रक्रियेत हाडात पाडलेला बोगदा पुढे सरकला तर नव्या अस्थिबंधाची गत अशीच होते.

मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधल्या गाद्या, हवाई चपलेच्या तळव्यातून काप: आतला इंग्रजी सी-सारखा उघडा, बाहेरचा जवळजवळ बंद गोल. बाहेरची कड जाड, आतली ब्लेडने पातळ. आतला एमसीएलला दोऱ्याने शिव, बाहेरचा एलसीएलपासून मोकळा ठेव. शेवटी गुडघ्यामागे जाड कापडाचा तुकडा चिकटव, सरळ गुडघ्यात ताठ होईल इतकाच. ते सांध्याचं मागचं आवरण, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

मग तोडायला घे. पाऊल टेबलाला शिकंज्याने आवळ आणि मांडी वळवत गुडघा आत ढकल. ओल्या मैदानात बुटाचे खिळे रुतलेल्या फुटबॉलपटूचं हेच होतं: धक्का कुणाचा नसतो, पाय राहतो आणि अंग वळतं. आतल्या मेनिस्कसला लांबीने चीर पाड आणि सुटलेली पट्टी खाचेत उलटव, बादलीची कडी पलटते तशी. आता गुडघा सरळ कर. शेवटचे वीसेक अंश होणारच नाहीत. ‘सर, पाय अडकलाय’ म्हणतो तो पेशंट हाच.

आणि तुझा प्रश्न. लाल नाडी काप. गुडघा सरळ ठेवून नडगी पुढे ओढ: मागचं कापड आणि बाजूचे पट्टे ताठ असतात, ती फारशी येत नाही. नव्वद अंशांत ओढ: आतल्या मेनिस्कसची मागची जाड कड दाराखालच्या पाचरीसारखी अडते. पंचवीस अंशांत ओढ, सरकन पुढे येईल. खऱ्या माणसात नव्वद अंशांत मांडीचे मागचे स्नायूही नडगी धरून ठेवतात, ते या मॉडेलमध्ये नाहीत. रक्तही नाही, म्हणून वहीत लिहून ठेव: एसीएल तुटला की गुडघा बहुधा काही तासांतच सुजतो, नुसता मेनिस्कस फाटला तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी.

निळी नाडी कापशील तेव्हा नडगी मागे ढकलून बघ. स्कूटरवरून गुडघ्यावर पडलेल्यांच्या बाबतीत ते उपयोगी पडेल. लाल नाडी दोन मीटर जास्तीची आण.