गौरी की महालक्ष्म्या?

प्रश्न असाय की माहेरी परभणीकडं भाद्रपदात 'महालक्ष्म्या' बसवतात आणि सासरी पुण्यात त्यांनाच 'गौरी' म्हणतात, गौरी म्हणजे पार्वती, लक्ष्मी तर विष्णूची बायको, मग बरोबर कोण?

दोघीही. आता कोशात बघायला गेलं तर सासरचे जिंकतात, अमरकोशात उमा, कात्यायनी, गौरी ही नावं एका रांगेत येतात आणि लक्ष्मी, पद्मा, कमला, हरिप्रिया ही वेगळ्या. पण आपण नुसतं लक्ष्मी कुठं म्हणतो, महालक्ष्मी म्हणतो, आणि तो 'महा' काही मोठेपणासाठी चिकटवलेला नाही. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीत महिषासुराला मारायची गोष्ट ज्या मधल्या चरित्रात, म्हणजे भागात आहे त्याची देवता महालक्ष्मी, म्हणजे ही सगळ्या देवांच्या तेजातून निघालेली आदिशक्ती, विष्णूचे पाय चेपणारी नव्हे. कोल्हापूरच्या देवीला अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, त्याचंही मूळ बरंचसं इथंच आहे.

दुसरं म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून सोळा दिवसांचं महालक्ष्मी व्रत असतं, त्यात सोळा गाठींचा दोरा. आणि आपल्याकडं बघा, सोळा भाज्या, सोळा पदरांचं सूत, सगळा सोळाचाच कारभार. गौरीही त्याच सुमाराला येतात, तर दोन्ही सण एकात एक मिसळले आणि मराठवाड्यात त्यातलं व्रताचं नाव टिकलं असं मला वाटतं. शिवाय आपल्याकडं मुखवटे धान्याच्या कोठ्यांवर बसवायची पद्धत (आता बऱ्याच घरी लोखंडी स्टँड आलेत ती गोष्ट वेगळी), धान्यावर बसलेल्या देवीला बाया लक्ष्मी नाही म्हणणार तर काय! कुंकवाच्या पावलांवरून आत आणताना पण 'लक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली' असंच विचारतात.

आता दोघींच्या ज्येष्ठा-कनिष्ठा या नावांचं. अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवू घालायच्या, मूळावर बोळवायच्या, म्हणून ज्येष्ठा गौरी. कनिष्ठा नावाचं नक्षत्रच नाही, थोरलीला धाकटी पाहिजे म्हणून जोडी लावलेली दिसते. पुराणात लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीचं नावही ज्येष्ठाच आहे, पण ती अलक्ष्मी, तेवढं सासूबाईंना सणाच्या दिवशी सांगत बसू नका.