कांस्य, कासे की पितळ?

एका वाचकाने विचारले आहे, की आरंभीच्या रोमन साम्राज्यातील प्रांतांच्या नाण्यांविषयी लिहिताना ‘कांस्यनाणी’ असा संस्कृतप्रचुर शब्द कशाला हवा. ‘काशाची नाणी’ असे सरळ का म्हणू नये?

‘कासे’ हे ‘कांस्य’चेच मराठी रूप आहे, ‘कासार’ हाही मूळचा ‘कांस्यकार’, मग आज त्याच्या दुकानात बांगड्याच का असेनात. परंतु अर्थ व्युत्पत्तीच्या मागे जातोच असे नाही. काशाची वाटी म्हटली, की तूप लावून तळपाय घासायची, टिचकी मारताच खणखणणारी आणि फरशीवर आपटली तर तडकणारी वाटी डोळ्यांसमोर येते. त्या काशात सुमारे पाचवा हिस्सा कथील, बाकी तांबे असते. नाण्यांच्या धातूत ते सहसा बरेच कमी असे आणि पूर्वेकडील प्रांतांत शिशाचीही भर पडे.

आजच्या फ्रान्समधील नीम येथे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात पाडलेले नाणे पाहावे. एका बाजूस पाठीला पाठ लावलेले त्याचा सेनापती अग्रिपा आणि स्वतः ऑगस्टस, दुसऱ्या बाजूस ताडासारख्या झाडाला साखळीने जखडलेली सुसर. सुट्ट्या पैशांची चणचण भासली, की लोक हे नाणे दोन मस्तकांच्या मधोमध छिन्नीने कापत (आपण ‘नोट मोडली’ म्हणतो, तेथे खरोखरच मोडत), आणि अशी अर्धी नाणी आजही सापडतात. आपल्या घरच्या काशाने हा घाव सोसला नसता. म्हणून ‘कांस्यपदक’, ‘कांस्ययुग’ यांच्या पंगतीतला ‘कांस्यनाणे’ हाच शब्द मला योग्य वाटतो, आणि तो जोडूनच लिहावा.

तरीही तो सरसकट वापरू नये. इ.स.पूर्व 23च्या सुमारास ऑगस्टसने चलनाची घडी बसवली, तेव्हा सेस्टर्शियस आणि द्युपाँडियस ही नाणी पितळेची, तर अ‍ॅस तांब्याचे ठरले. द्युपाँडियसची किंमत दोन अ‍ॅस, पण आकार जवळपास सारखाच. त्यामुळे पिवळा की तांबूस, यावरूनच गिऱ्हाइकाला मोल कळे. अशा नाण्यांना ‘कांस्य’ म्हटले, तर नेमका हाच भेद पुसला जातो. तेथे ‘पितळी’ आणि ‘तांब्याचे’ असेच लिहावे, आणि धातू तपासलेलाच नसेल, तर जरा लांबलचक वाटले तरी ‘तांब्याच्या मिश्रधातूचे नाणे’ म्हणावे.