रिफ्लेक्स स्लो आहेत, मग खेळ सोडवायचा का?

“ताई, कोच म्हणतात ह्याचे रिफ्लेक्स स्लो आहेत. तबला बंद करून तोही वेळ टेबल टेनिसला द्यावा, की खेळच सोडवावा?” इंदूरच्या रामबागेतून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) अशी काळजी मनात घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात.

मुलगा बारा वर्षांचा. मोबाइलवरच्या चाचणीत रंग बदलला की बोट टेकवायचं. ह्याला 290 मिलिसेकंद लागायचे, कॉलेजात जाणाऱ्या दादाला 240. तो आकडा खाली आणायला रात्री पांघरुणात उशिरापर्यंत बोट टेकवत बसायचा. मला काळजी वाटली ती ह्या जागरणाची. झोप अपुरी झाली की प्रतिसाद मंदावतोच.

डोळ्यांनी इशारा पाहून हात हलवायला तरुण माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, आवाज ऐकून त्याहून थोडे कमी. मोबाइलचा स्क्रीन आणि टच स्वतःचा उशीर त्यात मिळवतात. शिवाय हा वेग विशीपर्यंत वाढत असतो, मग बाराव्या वर्षी दादाशी तुलना कशाला?

मी 30 सेंटीमीटरची पट्टी वर धरली. शून्यापाशी त्याची चिमूट. न सांगता सोडली, त्याने 24वर पकडली, म्हणजे सुमारे 220 मिलिसेकंद. अगदी ठीक. मग दोन हातांसाठी दोन पट्ट्या. कुठली सुटेल ते सांगायचं नाही. पहिली सरळ जमिनीवर! पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952मध्येच मांडलं होतं. शेवटी म्हटलं, “आता तीनतालाचा ठेका म्हण. मी समेवर सोडते.” सोळा मात्रा झाल्या, सम आली आणि पट्टी 3 सेंटीमीटरवरच अडकली.

“काकू, पण कधी सुटणार ते मला माहीतच होतं!”

मला त्याच्या तोंडून हेच हवं होतं. सरावाने नुसता इशाऱ्याला हात हलवण्याचा वेग फारसा वाढत नाही. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर 100 मिलिसेकंदांच्या आत हललेला धावपटू नियमाने चुकीची सुरुवात केलेला धरतात, तो वेग कसलेल्या खेळाडूच्याही आवाक्याबाहेरचा मानून. वाढतं ते आधी ओळखणं. चांगला खेळाडू समोरच्याचा खांदा, मनगट, बॅटचा कोन वाचतो आणि चेंडू निघण्याआधीच त्याची तयारी सुरू होते. ही नजर वर्षानुवर्षांच्या खेळातून येते, बोट टेकवून येत नाही.

तबल्याबद्दल आईला स्पष्ट सांगितलं. संगीत शिकलेल्यांचा प्रतिसाद काही चाचण्यांत किंचित जलद दिसतो, पण तो शिकण्यामुळे की मुळातच तशी मुलं टिकतात म्हणून, हे त्यावरून ठरत नाही. तबल्याने टेबल टेनिस सुधारेल असं मी म्हणणार नाही. मुलगा तबल्यावर खुशीने बसतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

ठरलं ते असं: दहा वाजता मोबाइल आईच्या खोलीत. अभय प्रशाल स्टेडियममध्ये मॅच बघायला गेला की चेंडू सोडून सर्व्हिस करणाऱ्याच्या मनगटाकडे बघायचं. आणि आईने कोचना नेमकं विचारायचं, उशीर कुठे होतो, पायांत की चेंडू ओळखण्यात? कोचनी लक्ष देऊन पाहिलं. मुलगा चेंडू जाळीपाशी येईपर्यंत समोरच्या बॅटकडे बघतच नव्हता. आता ते रोज काही वेळ फक्त सर्व्हिस ओळखायला लावतात, परत मारायची नाही, फिरकी कुठली ते ओरडून सांगायचं.