हंगुलमध्ये अक्षरं २४ की ११,१७२?

प्रश्न असा आहे: ‘कोरियन लिपीत अक्षरं फक्त २४ असं एकीकडे वाचलं, तर युनिकोडमध्ये कोरियनची ११,१७२ अक्षरं आहेत असं दुसरीकडे. यातलं खरं काय?’

दोन्ही खरं. (युनिकोड म्हणजे संगणकासाठी जगातल्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत.) बोलताना आपण वर्णालाही ‘अक्षर’च म्हणतो, त्यामुळे हा घोळ होतो. व्याकरणात ‘क्’ हा वर्ण आणि ‘क’ हे अक्षर. हंगुलचे मूळ वर्ण २४ आहेत: १४ व्यंजनं, १० स्वर. त्यांना जामो म्हणतात. पण ते सुटे लिहीत नाहीत. आधी व्यंजन, मग स्वर आणि असलंच तर शेवटी आणखी व्यंजन, असे एका चौकोनात बसवतात. हा भरलेला चौकोन म्हणजे अक्षर.

जोडवर्ण धरले तर सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१ आणि शेवटच्या जागेच्या शक्यता २८ (२७ व्यंजनं किंवा रिकामी जागा). गुणाकार करा: ११,१७२. युनिकोडने या प्रत्येक अक्षराला वेगळा क्रमांक दिला आहे आणि तो चक्क गणिताने काढता येतो. ‘हान’ घ्या. शून्यापासून मोजलं तर ‘ह’ १८वा, ‘आ’ शून्यावा आणि शेवटचा ‘न’ चौथा. १८ गुणिले २१, अधिक ०. आलेल्या ३७८ला २८ने गुणा, ४ मिळवा: १०,५८८. पहिल्या अक्षराचा क्रमांक ४४,०३२ आहे, तो मिळवला की ५४,६२०. हाच ‘हान’चा क्रमांक. उलट भागाकार केला की तिन्ही वर्ण परत हाती येतात. मला तर संगणकातल्या सगळ्या लिपींमध्ये ही मांडणी सर्वांत देखणी वाटते. (वर्णांचा क्रम दक्षिण कोरियाचा आहे, उत्तरेकडच्या शब्दकोशांत तो वेगळा असतो.)

ही शिस्त पहिल्यापासून नव्हती. दक्षिण कोरियाच्या १९८७च्या प्रमाणसंचात नेहमीच्या वापरातली २,३५० अक्षरंच होती. थाई ‘तोम याम’ सूपचं नाव कोरियनमध्ये ज्या अक्षराने सुरू होतं, ते त्यात नव्हतंच! युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही संच अपुराच होता. १९९६च्या २.० आवृत्तीत ती जुनी अक्षरं उचलून पूर्ण संच नव्या जागी मांडला. आधीचा मजकूर त्यामुळे निकामी होणार होता, म्हणून त्यानंतर एकदा दिलेला क्रमांक कधीही हलवायचा नाही असा नियमच झाला.

सुट्या जामोंनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणजे ‘हान’ एका क्रमांकाने लिहिता येतं, तसंच तीन क्रमांकांनीही. दिसायला सारखंच, पण शोधताना दोन्ही रूपं एकच न मानणारा प्रोग्राम दुसरं रूप सोडून देतो.

देवनागरीत अशी तयार अक्षरं नाहीत. ‘क्षि’ला क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार क्रमांक लागतात. पण दोन रूपांची अडचण आपल्याकडेही आहे, तीही खास मराठी जागी. ‘दऱ्या’मधला ऱ २३५३ या एका क्रमांकाने येतो किंवा र आणि नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब (२३५२, २३६४) असा जोडून. मजकुरात असलेला ‘दऱ्या’ शोधूनही सापडला नाही, तर हे एकदा तपासून पाहा.