पाच हजार सोडवायला साडेअठरा हजार?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला सातपूरमध्ये राहते, घरी शिवणकाम करते. गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘मिस्ट्री शॉपर पाहिजेत, घरबसल्या रोज दोन हजार.’ बोलणाऱ्या बाई फार गोड होत्या. तीन हॉटेलांना मोबाइलवर पाच-पाच तारे द्यायला लावले आणि लगेच १५० रुपये जमा केले. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे ‘प्रीपेड टास्क’चे १००० भरले, वीस मिनिटांत १३०० परत आले. काल ५००० भरले, तर म्हणतात ऑर्डर अडकली, आता १८,५०० भरा म्हणजे सगळे मिळून २८ हजार सुटतील. ग्रुपमधल्या बाकीच्या बायका भरताहेत, त्यांना मिळतंयही. भरू का? आणि असं खरं काम असतं तरी का? घरी यजमानांना यातलं काही माहीत नाही. – वि. प., नाशिक

उत्तर : पत्र हाती पडलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, कारण अशा वेळी अंक निघेपर्यंत थांबून चालत नाही. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

भरू नका. एक रुपयाही नाही. २८ हजार कुठे अडकलेले नाहीत, तो फक्त पडद्यावरचा आकडा आहे. १८,५०० भरलेत की ‘टॅक्स’ निघेल, मग ‘क्रेडिट स्कोअर कमी झाला’ म्हणून आणखी काही. आणि ग्रुपमधल्या त्या बायका? स्क्रीनशॉट टाकून ‘थँक यू मॅडम, मिळाले’ म्हणणाऱ्या बहुतेक त्यांचीच माणसं असतात. गिऱ्हाईक त्या ग्रुपमध्ये एखादंच असतं.

हिशेब मांडू. तुमचे गेले ६०००, आले १४५०. म्हणजे ४५५० रुपये बुडालेत. जिवाला लागण्यासारखी रक्कम आहे, शंभर-दीडशे ब्लाउजना हुक लावावे लागतील, पण साडेअठराच्या मानाने थोडक्यात सुटलात.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा : आधी १९३० ला फोन. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी बँकेला रोखता आले, तर वाचतात, म्हणून इथे दिवस नव्हे, तास मोजायचे. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्या खात्यावर पैसे गेले ते, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. ग्रुप रागाने डिलीट करू नका, आधी सगळं साठवून घ्या. आणि ते १३०० तुमच्या खात्यात कुठून आले, हेही तक्रारीत लिहा, बँकेला सांगा. ते दुसऱ्या कुणा फसलेलीचे असू शकतात. तिने तक्रार केली तर उद्या तुमचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ असा एखादा ‘वकील’ किंवा ‘सायबर अधिकारी’ फोन करील. तोही त्याच टोळीतला समजा.

आता दुसरा प्रश्न. हो, मिस्ट्री शॉपरचं काम खरं असतं : साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि सेवा कशी मिळाली ते गुपचूप कंपनीला कळवायचं. मी पुण्यात नऊ वर्षं केलंय. चपलांची दुकानं, पेट्रोल पंप, पिझ्झा, एकदा तर बँकेची शाखा. पंपावर गाडी लावायची आणि पोरगा ‘मॅडम, झीरो बघा’ म्हणतो का ते ऐकायचं. चपलांच्या दुकानात शिरल्यावर किती सेकंदांत कुणी विचारलं, पाय मोजला का, काउंटरवर मोजे-पॉलिश गळ्यात मारायचा प्रयत्न झाला का, विक्रेत्याच्या छातीवरच्या पाटीवर काय नाव होतं, हे सगळं डोक्यात ठेवायचं. बाहेर आल्यावर पायरीवर बसून बिलाचा फोटो, आणि रात्री चाळीस-पन्नास प्रश्नांचा फॉर्म. घरबसल्या तारे देणं हे मिस्ट्री शॉपिंग नव्हेच. त्यात शॉपिंग कुठे आहे?

पैसे? शेवटी शेवटी एका भेटीचे अडीचशे ते पाचशे मिळत, वर खरेदीचे ठरलेले पैसे. तेही दीड-दोन महिन्यांनी. एकदा बिलाच्या फोटोत वेळेचा आकडा कापला गेला, तर अख्खा रिपोर्ट नामंजूर. सँडल घरी आल्या, ४०० रुपये माझ्याच माथी! म्हणून तर हल्ली वीस मिनिटांत पैसे देणाऱ्याचीच मला जास्त भीती वाटते. खऱ्या कंपनीला एवढी घाई कधीच नसते.

यात एक घोळ होतो, तो समजून घ्या. खऱ्या कामातही आधी आपले पैसे जातात, पण ते दुकानाच्या गल्ल्यात, बिल घेऊन. काम देणाऱ्याकडे कधीच नाही. नोंदणी फी, ट्रेनिंग, अनामत, काहीही नाही. कंपनी पॅन आणि खातेक्रमांक मागते, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन मागत नाही. पैसे यायला पिन लागतच नाही. आणि तिच्या संकेतस्थळावर जाऊन अर्ज आपण करतो, ती आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर हुडकत येत नाही. या धंद्यातल्या कंपन्यांची एमएसपीए नावाची संघटना आहे, तिच्या सदस्यांमध्ये नाव आहे का बघा. पण नावावरही जाऊ नका, चोर मोठ्या कंपनीचंच नाव लावतात. ईमेल त्या कंपनीच्याच पत्त्यावरून आलाय की फुकटच्या जीमेलवरून, ते अक्षर अक्षर लावून तपासा.

तुमच्या शिवणकामाला हा जोडधंदा होईल, त्यावर घर चालणार नाही. मला चांगल्या महिन्यात दोन-तीन हजार मिळायचे, रिक्षाभाडं वजा न करता.

फोनवर तुम्ही माझं सगळं ऐकलंत, एक सोडून : यजमानांना सांगणं. ‘हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतील,’ म्हणालात. म्हणू देत. सुरुवातीला मीही पेपरातल्या छोट्या जाहिरातीवर ‘मिस्ट्री शॉपर किट’साठी ७५० रुपये मनिऑर्डर केली होती. आली ती स्पायरल बांधलेली झेरॉक्स, तीसेक कंपन्यांचे पत्ते, निम्मे चुकीचे. ती वही अजून माळ्यावर, हळदी-कुंकवाच्या डब्यांमागे आहे. आमच्या ह्यांना हे आता, हा अंक वाचूनच कळेल.