आरोग्य प्रश्नोत्तरे : ‘खाट शिल्लक नाही’ असे सांगितले जाते तेव्हा

प्रश्न : माझ्या वडिलांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. ग्रामीण रुग्णालयातून त्यांना जिल्हा रुग्णालयात आणि तेथून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवण्यात आले. तेथे ‘आयसीयूत खाट नाही’ असे सांगून दुपारपर्यंत ट्रॉलीवरच ठेवले आणि नंतर वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गादी दिली. पुढे आम्ही आयसीयूच्या दारापर्यंत गेलो, तेव्हा आत दोन खाटा रिकाम्या दिसल्या. आम्हाला खोटे सांगितले होते का? अशा वेळी नातेवाइकांनी काय करावे?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : रिकाम्या खाटा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, त्यामुळे संताप येणे साहजिक आहे, तरी तेवढ्यावरून डॉक्टर खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. अतिदक्षता विभागात नुसता पलंग असून भागत नाही. मॉनिटर, ऑक्सिजनची जोडणी, लागल्यास व्हेंटिलेटर आणि त्या रुग्णावर नजर ठेवणारी परिचारिका हे सारे जागेवर असेल तरच ती खाट वापरता येते. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे दर पाळीला एक परिचारिका असावी असा दंडक आहे आणि तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या व रजा धरल्या तर अशा एका खाटेसाठी किमान चार परिचारिका नेमाव्या लागतात. पदे भरली गेली नाहीत की पलंग तसाच पडून राहतो. म्हणून नव्या रुग्णालयाच्या मंजुरीची बातमी वाचल्यावर खाटांचा आकडा पाहून समाधान न मानता, त्यांच्यासाठी किती पदे मंजूर झाली आणि त्यांपैकी किती भरली, हे आपण लोकप्रतिनिधींना विचारलेच पाहिजे.

रोजचा एक खोळंबाही याला कारणीभूत असतो. सकाळच्या राउंडमध्ये ‘यांना आज घरी सोडा’ असे ठरते. मग डिस्चार्ज कार्ड लिहून व्हायचे असते, सरकारी आरोग्य योजनेतला रुग्ण असेल तर आरोग्यमित्राकडची (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाकडची) कागदपत्रे पुरी करायची असतात, औषधे घ्यायची असतात, गावाहून गाडी यायची असते. हे सगळे होऊन चादर बदलेपर्यंत संध्याकाळ होते. नवे रुग्ण मात्र सकाळपासून खाली कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, येतच असतात. डिस्चार्जची तयारी आदल्या संध्याकाळी करून ठेवली, तर एकही खाट न वाढवता ट्रॉलीवरची वाट पाहणे बरेच कमी होईल.

याहून मोठा दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. खालच्या रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन चालू नसेल किंवा भूलतज्ज्ञ नसेल, तर रुग्णाला वर पाठवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि वरच्या रुग्णालयाला मात्र कोणालाही दारातून परत पाठवता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्या मृत्यूंमागे अनेक कारणे होती, पण ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवल्यामुळे तेथील रुग्णांचा मोठा भार ५०० खाटांच्या कळव्यावर पडला होता, हेही विसरता येत नाही. पुढच्या दोन महिन्यांच्या आतच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजार लोकसंख्येमागे दोन खाटा असाव्यात असे म्हटले आहे आणि रुग्णाला पहिल्या मोलाच्या तासात त्यांच्यापर्यंत पोचता यावे अशी त्यांची विभागणी व्हावी, असेही त्यातच म्हटले आहे. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे तुमच्या वडिलांच्या पहाटेच्या प्रवासावरून पुरेसे दिसते.

कायद्याची बाजू रुग्णाच्या पक्षात आहे. तातडीच्या रुग्णाला जीव वाचवणारे उपचार देणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. १९९६ चा पश्चिम बंगालमधील खटला तर नेमका खाटेवरूनच झाला. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही आणि अखेर खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने भरपाई द्यायला लावली आणि कोठे खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारावी, असेही सुचवले. अशी यंत्रणा चालवता येते हे मुंबईने करोनाच्या काळात चोवीस वॉर्डांच्या वॉर रूममधून, म्हणजे खाटा मिळवून देणाऱ्या नियंत्रण कक्षांमधून, दाखवून दिले. साथ ओसरल्यावर ती व्यवस्था सगळ्याच आजारांसाठी कायमची व्हायला हवी होती. ती झाली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता नातेवाइकांनी काय करावे ते सांगतो. अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लगेच कागदावर लिहून ठेवावी आणि १०८ वर फोन करतानाच, चोवीस तास सीटी स्कॅन असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारावे. रुग्णाला वर पाठवले जात असेल तर ‘पुढच्या रुग्णालयातील सीएमओंशी (तातडीच्या विभागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी) आधी फोनवर बोला’ अशी डॉक्टरांना विनंती करावी आणि रेफर चिठ्ठीवर रक्तदाब, साखर व दिलेली औषधे लिहून घ्यावीत. खाट नसल्याचे उत्तर मिळाले, तर रुग्ण कोणत्या युनिटखाली, म्हणजे डॉक्टरांच्या कोणत्या पथकाकडे, नोंदवला आहे हे विचारावे आणि उपचार ट्रॉलीवरच सुरू करण्याचा आग्रह धरावा. सलाइन, तपासण्या आणि इंजेक्शन यांना खाट लागत नाही. दाखल करून घ्यायलाच नकार मिळाला, तर तो केसपेपरवर कारणासह लिहून मागावा. लेखी द्यायची वेळ आली की अनेकदा वरिष्ठांना फोन जातो आणि मार्ग निघतो. हे सगळे शांतपणे करावे, कारण त्या क्षणी समोर उभा असलेला निवासी डॉक्टरही बहुधा रात्रभर जागाच असतो.

प्रश्न : माझ्या पतीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. वाट पाहावी का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : अपघाताचे रुग्ण किंवा अडलेल्या बाळंतिणी आल्या की शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ तिकडे लागतात व ठरवलेल्या शस्त्रक्रिया मागे पडतात. फुगवटा आडवे झाल्यावर आत जात असेल आणि दुखत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबता येते. मात्र तो कडक झाला, आत जाईनासा झाला, खूप दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठावी. तारीख पुढे गेली की रक्ताच्या तपासण्या आणि फिटनेस (शस्त्रक्रियेसाठी प्रकृती योग्य असल्याची तपासणी) पुन्हा करावे लागतील का, हे आधीच विचारून घ्यावे, नाहीतर त्यापायी पुढची तारीखही हातची जाते.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात खाट न मिळाल्यास धर्मादाय रुग्णालय गरिबाला अनामत रक्कम मागू शकते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. कागद घरी राहिले असतील, तरीही आधी उपचार सुरू करायला सांगावे आणि कागद मागाहून आणून द्यावेत. राखीव खाटा भरल्याचे सांगितले गेले, तर तसे लेखी घेऊन धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार नोंदवावी.