अल्टरनेटर नसलेल्या ड्रॅग कारसाठी सगळ्यात हलकी लिथियम बॅटरी कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी फक्त ड्रॅग रेससाठी, अल्टरनेटर काढलेला, डिक्कीत जड एजीएम (सीलबंद लेड) बॅटरी. तिच्या जागी सगळ्यात हलकी लिथियम कोणती बसवावी, आणि मोटरसायकलसाठी मिळते ती दीड किलोची चालेल का?

इंजिन सुरू करून देईल. रेस पुरी करून देईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. अल्टरनेटर नसला की स्टार्टर फिरल्यापासून फिनिश लाइनपर्यंत फ्युएल पंप, इग्निशन, इंजेक्टर, पाण्याचा पंप, पंखा सगळं त्या एका डब्यावर चालतं. म्हणून पहिला आकडा वजनाचा बघायचा नाही. रनच्या शेवटच्या सेकंदाला पंपाच्या टर्मिनलवर किती व्होल्ट उरलेत, तो बघायचा.

रसायनाबद्दल फार बोलत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेल सीरिजमध्ये म्हणजे १२.८, पूर्ण चार्ज करताना १४.६. गाडीची १२ व्होल्टची वायरिंग तशीच राहते. ड्रोन किंवा आरसी गाड्यांचे ३.७ व्होल्टवाले पॅक जोडून घरी बॅटरी बनवणारे भेटतात. ते पॅक आणखी हलके असतात, पण तापून भडकण्याची हद्द फॉस्फेटपेक्षा खूप खाली असते. ड्रायव्हरच्या पाठीमागे तसला पॅक ठेवू नका.

आता लेबल. लिथियम बॅटरीवर मोठ्या अक्षरात छापलेले अँपिअर-अवर पुष्कळदा खरे नसतात. ते 'लेडच्या तुलनेत इतके' असे असतात आणि खऱ्या क्षमतेच्या साधारण तिप्पट असतात. खरा आकडा त्याच डब्यावर बारीक अक्षरात असतो: वॉट-अवर. मालवाहतुकीच्या नियमांमुळे तो छापावा लागतो. त्याला १२.८ ने भागा, खरे अँपिअर-अवर मिळतील. क्रँकिंग अँपचंही (स्टार्टर फिरवायला मिळणाऱ्या करंटचंही) तसंच. लेड बॅटरीचा कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंशांवर ३० सेकंद लोड देऊन, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता काढलेला असतो. लिथियमवरचा आकडा कित्येकदा पाच सेकंदांच्या झटक्याचा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की खरेदी चुकते.

वाद ज्या गाडीवरून आहे ती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. व्ही-८, कॉम्प्रेशन १३.५, पेट्रोल, इंजेक्शन, अल्टरनेटर नाही. बॅटरीवर मोठ्याने '२४', बाजूला बारीक अक्षरात १०२ वॉट-अवर. म्हणजे खरे आठ अँपिअर-अवर. गाडी गरम असो वा थंड, झटक्यात सुरू व्हायची. तक्रार एकच होती: पहिली फेरी उत्तम, दुसऱ्या फेरीत शेवटच्या एक तृतीयांश अंतरात इंजिन लीन (इंधन कमी, हवा जास्त). एक्झॉस्टमधल्या लॅम्डा सेन्सरच्या नोंदीत हवा-इंधन प्रमाण १२.७ वरून १३.८ वर चढत होतं.

ट्युनरने (इंजिनचं सेटिंग करणाऱ्याने) आधी फ्युएल पंप बदलायला लावला. मग फिल्टर, मग रेग्युलेटर. मग मॅपमध्ये वरच्या आरपीएमला सहा टक्के इंधन वाढवलं. त्यामुळे पुढच्या वेळी पहिल्या फेरीत गाडी रिच (इंधन जास्त) झाली आणि वेळ घसरली, म्हणून ते इंधन परत काढलं. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली तर सगळं ठीक. डायनोवर ठीक असणारच, कारण तिथे चार्जर लावून ठेवतात! शेवटी एका पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटली. माझ्याकडे गाडीच्या नोंदींची (लॉगची) फाइल आली ती त्यानंतर. बॅटरी व्होल्टेजची रेघ पहिल्या दिवसापासून त्या लॉगमध्ये होती, कोणी उघडून बघितली नव्हती. पहिल्या फेरीत फिनिशला १२.१ व्होल्ट, दुसरीत १०.३.

हिशेब मांडला तर यात गूढ काही नाही. पंप १५ अँप, पाण्याचा पंप ८, पंखा १८, इग्निशन ६, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि इंजेक्टर ८. एकूण ५५. पहिल्या फेरीआधी पिटमध्ये दोन मिनिटं वॉर्मअप, मग रांगेतून पुढे, बर्नआउट (टायर जागेवर घासून गरम करणं), स्टेजिंग (स्टार्ट लाइनवर गाडी लावणं) आणि रन मिळून चार मिनिटं. सहा मिनिटांचे ५.५ अँपिअर-अवर. दोनदा स्टार्टर, प्रत्येकी ३५० अँप चार सेकंद, मिळून ०.८. आठातून ६.३ गेले, उरले १.७. दोन फेऱ्यांमध्ये ८० मिनिटं दोन अँपचा चार्जर, म्हणजे जेमतेम २.७ परत आले. दुसरी फेरी ४.४ वर सुरू, खर्च ४.१. फिनिशला उरले ०.३.

फॉस्फेटचा व्होल्टेज आलेख जवळजवळ सपाट असतो आणि शेवटच्या दहा टक्क्यांत कड्यावरून खाली कोसळतो. लेड बॅटरी उतरताना स्टार्टर जड फिरवून आधी सांगते. फॉस्फेट सांगत नाही. तो सपाटपणा पंपासाठी वरदान आहे, पण त्यामुळेच साध्या व्होल्टमीटरवरून किती चार्ज उरला ते कळत नाही.

"बॅटरीने इंजिन लीन होत नसतं, गाडी सुरू झाली ना, मग बॅटरीला दोष देऊ नका," हे त्या ट्युनरचं म्हणणं. ते साफ चूक आहे. व्होल्ट कमी झाले की पंपाची मोटर हळू फिरते. १३.५ वरून १२ वर आलं तरी बऱ्याच पंपांचा प्रवाह दहा-पंधरा टक्के घटतो, आणि रेल प्रेशर जास्त असेल तर त्याहून जास्त. त्यात इंजेक्टरची सुई उघडायलाही वेळ जास्त लागतो. ईसीयूमध्ये त्याची भरपाई करणारं टेबल असतं, पण ईसीयू व्होल्टेज मोजतं स्वतःच्या पिनवर, इंजेक्टरच्या कनेक्टरवर नाही. पंपाची भरपाई तर ते करतच नाही. फ्युएल प्रेशर लॉग होत असेल तर प्रेशर आणि व्होल्टेज या दोन रेघा एकावर एक ठेवा; दोन्ही एकाच क्षणी खाली वळल्या तर पंप सोडून आधी बॅटरी बघा. फक्त प्रेशर पडलं आणि व्होल्टेज सपाट राहिलं, तर मात्र फिल्टर, पंप किंवा टाकीतला पिकअप.

तुमच्या गाडीसाठी हाच हिशेब करा. डीसी क्लॅम्प मीटर मुख्य केबलला लावा, इंजिन चालू ठेवून सगळे स्विच टाका, चालू अँप लिहून घ्या. नायट्रस सॉलेनॉइड (नायट्रस सोडणारा विजेचा झडप) आणि ट्रान्सब्रेक (स्टार्टला गिअरबॉक्समधूनच गाडी रोखून धरणारा) वेगळे मोजा. ते थोडाच वेळ चालतात, पण नेमके लोड सर्वांत जास्त असताना. अँप गुणिले मिनिटं, भागिले ६०, अधिक स्टार्टरचे. दोन फेऱ्या चार्ज न करता निघाल्या पाहिजेत असं धरा, कारण रेसचं वेळापत्रक तुमच्या चार्जरसाठी थांबत नाही. येणाऱ्या आकड्याला ०.७ ने भागा, म्हणजे तीस टक्के राखीव राहतात. वरच्या गाडीचे ६.३ आणि ४.१ मिळून १०.४, म्हणजे खरे १५ अँपिअर-अवर, १९२ वॉट-अवर. सेल जुने होतात तेव्हा क्षमता घटते, म्हणून मी २० घेईन, २५६ वॉट-अवर. वजन साधारण तीन-साडेतीन किलो.

दीड किलोच्या बॅटरीपेक्षा दोन किलो जास्त, मान्य. ड्रॅगमध्ये क्वार्टर माइलला ४५ किलोमागे अंदाजे ०.१ सेकंद धरतात. दोन किलोचे पाच हजारांश सेकंदही होत नाहीत. तेवढ्यासाठी पिस्टन पणाला लावू नका. खरी बचत १८ किलोची लेड बॅटरी काढल्यावर होते, आणि तीसुद्धा ०.०३ सेकंदांच्या आसपास.

ती बचतही कुठून होते ते बघा. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत बॅटरी डिक्कीत उजवीकडे ठेवतात ती उगाच नाही. लाँचच्या वेळी ड्राइव्हशाफ्टच्या टॉर्कमुळे एक्सलवर उजव्या टायरचा भार कमी होतो, तिथलं वजन तो भरून काढतं. तिथून चौदा-पंधरा किलो काढले आणि सस्पेन्शनला हात लावला नाही, तर पहिल्या ६० फुटांचा वेळ बिघडू शकतो. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून आधी आणि नंतरचं वजन घ्या, मग प्रीलोड (सस्पेन्शनला आधीच दिलेला ताण) परत बसवा. क्लासला किमान वजनाची अट असेल आणि तुम्ही तिच्यावरच असाल, तर हलक्या बॅटरीने वेग वाढत नाही. फक्त तेवढं वजन हव्या त्या जागी बोल्ट करायला मिळतं.

केबलकडे कोणी बघत नाही. डिक्कीपासून स्टार्टरपर्यंत साडेचार मीटर, अर्थिंगची वेगळी केबल तेवढीच, एकूण नऊ मीटर. चार गेजची केबल मीटरला ०.८ मिलिओहम, म्हणजे सव्वासात. ३५० अँपला अडीच व्होल्ट केबलमध्येच जातात. त्याऐवजी जास्त जाड वन-ऑट (१/०) गेज घातली तर एक व्होल्ट. लिथियम घेऊन चार गेजवर ठेवण्यापेक्षा जुनी एजीएम आणि जाड केबल बरी. तपासायचं असेल तर इग्निशन आणि इंधन बंद करून पाच सेकंद क्रँक करा, एक मीटर बॅटरीवर, दुसरा स्टार्टरच्या बोल्ट आणि बॉडीमध्ये. दोघांत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे केबल, लग (केबलच्या टोकाची कडी) किंवा अर्थ खराब. ही चाचणी इंजिन गरम असताना करा.

लिथियमचे टर्मिनल बहुधा छोट्या बोल्टचे असतात. जाड केबल मोकळी लोंबकळत ठेवली तर टायर शेकमध्ये (टायर थरथरून गाडी हादरते तेव्हा) टर्मिनल मुळातून हलतो आणि आतला वेल्ड तुटतो. टर्मिनलपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर केबल क्लॅम्प करा.

बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट. विकणारे त्याला सुरक्षेचा दागिना म्हणून दाखवतात, पण त्याचा करंट कटऑफ किती आहे ते विचारा. कमी व्होल्टेजला किंवा जास्त करंटला त्याने सर्किट तोडलं तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मरतं. पुढे कधी अल्टरनेटर बसवलात आणि तो चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर व्होल्टेजचा फुगवटा थेट ईसीयूवर येतो. सेल बॅलन्स करणारा बीएमएस हवाच; स्टार्टरच्या दुपटीएवढा करंट झेलणारा हवा.

चार्जर लिथियमचाच, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. लेडच्या चार्जरमधला डिसल्फेशनचा मोड १५.५-१६ व्होल्टचे झटके देतो, तो सेल मारतो. २० अँपिअर-अवरला दहा अँपचा चार्जर घ्या, तासाभरात दोन फेऱ्यांचा खर्च परत येतो; कमाल करंट मात्र बनवणाऱ्याच्या कागदावर बघूनच. शून्य अंशांच्या खाली चार्ज करू नका, सेलमध्ये धातूरूप लिथियम साचतं आणि ते परत जात नाही. थंडीत पहिला क्रँक दुबळा वाटला तर मिनिटभर दिवे लावा, सेल आतून गरम होतात, दुसरा क्रँक बरा होतो. सीझन संपला की ५०-६० टक्क्यांवर, केबल काढून ठेवा.

हे सगळं १२ व्होल्टच्या गाडीसाठी आहे. १६ व्होल्टवर असाल तर पाच सेलचा पॅक लागतो, चार्ज १८.२५ पर्यंत जातो; ईसीयू, इग्निशन असा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बॉक्स तेवढं सहन करतो का ते आधी तपासा, आणि त्या पॅकच्या मधून १२ व्होल्टचा टॅप काढू नका, सेल असमान उतरतात. अल्टरनेटर असलेल्या गाडीला माझा २० चा आग्रह लागू नाही, तिथे आठ-दहा खरे अँपिअर-अवर पुरतात.

आणि क्लासची नियमपुस्तिका वाचा. एनएचआरएमध्ये (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) बॅटरी मूळ जागेवरून हलवली की गाडीच्या मागच्या बाजूला पॉझिटिव्हवर मास्टर कटऑफ लागतो, आणि त्याने इंजिनसकट सगळं बंद व्हायला हवं. बॅटरी किमान दोन ३/८ इंची बोल्टनी धरलेली हवी. हलकी आहे म्हणून झिप टायवर भागवलेली बॅटरी बघितली आहे. अपघातात दोन्ही टर्मिनल बॉडीला टेकले तर लिथियम लेडपेक्षा जोरात करंट सोडते. धडक बसलेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज न करता गाडीबाहेर, उघड्यावर, पेट्रोलपासून लांब ठेवा.

कुठलीही घेतलीत तरी ईसीयूचा एक रिकामा अॅनालॉग इनपुट योग्य रोधकांच्या डिव्हायडरमधून पंपाच्या प्लगला जोडा आणि ते व्होल्टेज प्रत्येक रनला लॉग करा. ट्युनरने पंप बदलायला सांगितलं की आधी ती रेघ त्याच्यासमोर उघडा.